दादासाहेब गायकवाड : खासदार झाले, पण भूमिहीनांना विसरले नाहीत

14 एप्रिल किंवा 6 डिसेंबर जवळ आला की निवडून आलेल्यांच्या गळ्यात निळा पंचा दिसू लागतो. पुतळ्याला हार, हात जोडलेला फोटो, दहा मिनिटांचे भाषण, आणि गाडी पुढच्या कार्यक्रमाला. गायरान जमिनीचा अर्ज घेऊन आलेला कार्यकर्ता तिथेच उभा राहतो. अशा वेळी आम्हाला कर्मवीर दादासाहेब गायकवाड आठवतात.

भाऊराव कृष्णाजी गायकवाड यांचा जन्म 15 ऑक्टोबर 1902 रोजी नाशिक जिल्ह्यातील दिंडोरी तालुक्यात, आंबे या गावी झाला. 2 मार्च 1930 ला काळाराम मंदिर सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा ते सत्याग्रह समितीचे सचिव होते. बाबासाहेब गोलमेज परिषदेसाठी लंडनला गेले, तरी नाशिकचा लढा थांबला नाही. तो दादासाहेबांनी सांभाळला. 1937 मध्ये स्वतंत्र मजूर पक्षातर्फे ते मुंबई कायदेमंडळात निवडून गेले.

बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर 1957 मध्ये नाशिककरांनी त्यांना लोकसभेत पाठवले. त्याच वर्षी 3 ऑक्टोबरला नागपुरात रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला. दिल्लीत बंगला, भत्ता, मान सगळे होते. पण 1959 मध्ये हे खासदार मराठवाडा आणि खानदेशातील भूमिहीनांच्या सत्याग्रहाचे नेतृत्व करत होते. पक्षातल्या काही शिकलेल्या मंडळींना हा मार्ग पटला नाही. जमिनीचा प्रश्न त्यांना कम्युनिस्टांचा वाटला आणि पक्ष फुटला. दादासाहेब मात्र शेतमजुरांची बाजू सोडायला तयार नव्हते.

1962 ते 1968 ते राज्यसभेत होते. याच काळात, 6 डिसेंबर 1964 ला देशव्यापी सत्याग्रह सुरू झाला. पडीक जमीन भूमिहीनांना द्या, किमान वेतन कायद्याची अंमलबजावणी करा, बौद्धांना अनुसूचित जातींच्या सवलती द्या, संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात बाबासाहेबांचे तैलचित्र लावा, अशा त्या मागण्या होत्या. बायाबापड्यांसह 3 लाखांहून अधिक माणसांनी अटक करवून घेतली. त्यातल्या कित्येकांना स्वतःच्या नावावर गुंठाभर जमीन नव्हती.

दादासाहेबांवर टीका झाली, तीही आम्ही झाकणार नाही. 1967 मध्ये त्यांनी काँग्रेसशी युती केली. त्यातून समाजाच्या पदरात थोडे पडले आणि एकेक नेता सत्तेच्या वळचणीला जाण्याची वाट मोकळी झाली, असे पुढच्या पिढीने म्हटले. त्यात तथ्य आहे. पण चुकीचा हिशेब मांडताना हेही मांडले पाहिजे की, या माणसाने पदाचा वापर जमीन मागण्यासाठी केला.

29 डिसेंबर 1971 रोजी दादासाहेब गेले. बाबासाहेबांचे तैलचित्र मध्यवर्ती सभागृहात लागले 1990 मध्ये. केंद्रात बौद्धांना अनुसूचित जातींच्या सवलती मिळाल्या, त्याही 1990 मध्येच. दोन्हींचे श्रेय घ्यायला ते हयात नव्हते.

आज त्यांच्या नावाने राज्य सरकारची सबळीकरण व स्वाभिमान योजना आहे. दारिद्र्यरेषेखालील भूमिहीन अनुसूचित जातीच्या कुटुंबाला शेतजमीन देण्यासाठी ती 2004 मध्ये सुरू झाली. तेव्हा आपल्या तरुण कार्यकर्त्यांना आम्ही एकच काम सुचवतो. पुढच्या जयंतीला आमदार किंवा खासदार मंचावर आले की त्यांना हार जरूर घाला, पण आधी विचारा : आपल्या तालुक्यात या योजनेतून किती कुटुंबांना जमीन मिळाली? किती अर्ज पडून आहेत? त्यासाठी तुम्ही सभागृहात किती वेळा उभे राहिलात?

उत्तर लिहून घ्या, तारीख टाका आणि पुढच्या वर्षी तोच कागद घेऊन पुन्हा जा. दादासाहेबांची जयंती आम्हाला अशी साजरी करायची आहे.

जयभीम!