विश्लेषण : बास्केटबॉलच्या जनकाची शेवटची, विस्मरणात गेलेली कामगिरी कोणती?

एनबीएचे झगमगते सामने मोबाइलवर पाहणाऱ्यांना जेम्स नेस्मिथ हे नाव बास्केटबॉलचे जनक म्हणून माहीत असते. मात्र, आयुष्याच्या अखेरच्या टप्प्यात त्यांनी छोट्या महाविद्यालयांसाठी राष्ट्रीय स्पर्धा उभी करण्यास हातभार लावला, हे फारसे कुणाला ठाऊक नाही. विद्यापीठाने ज्याला संघात घेतले नाही, असा त्यांचा एक विद्यार्थी २० वर्षांनी याच स्पर्धेचा विजेता प्रशिक्षक ठरला.

नेस्मिथ कोण होते?

जेम्स नेस्मिथ यांचा जन्म ६ नोव्हेंबर १८६१ रोजी कॅनडातील ओंटारिओ प्रांतात, आल्मोंट गावाजवळ झाला. नऊ वर्षांचे असताना विषमज्वराच्या साथीत आई-वडील दोघेही गेले. मामाने त्यांचा सांभाळ केला. शाळा अर्धवट सोडून त्यांनी काही वर्षे लाकूडतोड्यांच्या तळांवर काम केले आणि नंतर पुन्हा शाळेत प्रवेश घेतला. मॉन्ट्रियलच्या मॅगिल विद्यापीठातून १८८८ मध्ये पदवी घेतल्यावर त्यांनी धर्मशास्त्राचे शिक्षण घेतले. मात्र चर्चमध्ये प्रवचने देण्याऐवजी त्यांनी मैदान निवडले. मुलांवर संस्कार करण्याचे काम खेळातूनही होऊ शकते, असे त्यांचे मत होते. १८९० मध्ये ते अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथील वायएमसीएच्या प्रशिक्षण विद्यालयात दाखल झाले.

खेळाची कल्पना कशी सुचली?

१८९१ च्या हिवाळ्यात विद्यालयातील १८ जणांचा एक वर्ग कवायतीला कंटाळला होता. बाहेर बर्फ असल्याने फुटबॉल खेळता येत नव्हता आणि तो जिमखान्यात खेळला तर हातपाय मोडण्याची भीती होती. विभागप्रमुख ल्यूथर गुलिक यांनी नेस्मिथ यांना दोन आठवड्यांत बंदिस्त जागेत खेळता येईल असा खेळ तयार करण्यास सांगितले.

नेस्मिथ यांनी आधीच्या खेळांत धसमुसळेपणा नेमका कशामुळे येतो, याचा शोध घेतला. चेंडू घेऊन पळणाऱ्याला रोखायचे तर त्याला पाडावे लागते. म्हणून चेंडू हातात घेऊन पळण्यावरच त्यांनी बंदी घातली. दुसरा प्रश्न गोलचा होता. गोल समोर उभा असेल तर चेंडू जोरात मारला जातो. तो आडवा आणि डोक्याच्या वर ठेवला तर ताकदीपेक्षा नेम महत्त्वाचा ठरतो. लहानपणी आल्मोंटला ते खडकावर ठेवलेला दगड दुरून पाडण्याचा खेळ खेळत. त्यात वेगाने भिरकावलेल्या दगडापेक्षा कमानीसारखा वर जाऊन पडणारा दगड जास्त उपयोगी पडत असे. ही आठवण इथे कामी आली.

शिपायाने आणून दिलेल्या पीच फळांच्या दोन टोपल्या गॅलरीच्या कठड्याला १० फुटांवर ठोकण्यात आल्या. कागदावर १३ नियम टाइप झाले. डिसेंबर १८९१ मध्ये प्रत्येकी नऊ खेळाडूंचा पहिला सामना झाला आणि त्यात एकच गोल झाला. वायएमसीएच्या जाळ्यातून हा खेळ काही वर्षांतच देशोदेशी पोहोचला. भारतातही तो वायएमसीएनेच आणला.

मग प्रशिक्षक म्हणून ते अपयशी का ठरले?

डेन्व्हरमध्ये वैद्यकीय पदवी घेऊन नेस्मिथ १८९८ मध्ये कॅन्सस विद्यापीठात रुजू झाले. तिथे बास्केटबॉल संघाचे पहिले प्रशिक्षक म्हणून त्यांनी ५५ सामने जिंकले आणि ६० गमावले. या विद्यापीठाच्या इतिहासात विजयांपेक्षा पराभव जास्त असलेले ते एकमेव प्रशिक्षक आहेत. हा खेळ खेळण्यासाठी आहे, त्यात शिकवण्यासारखे फारसे काही नाही, असे त्यांना वाटे. त्यांचेच शिष्य फॉग ॲलन यांनी मात्र प्रशिक्षण हाच पेशा केला आणि मोठे नाव कमावले. नेस्मिथ यांनी खेळाचे पेटंट घेतले नाही. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकमध्ये बास्केटबॉलचा समावेश झाला, तेव्हा त्यांना तिकडे पाठवण्यासाठी अमेरिकेतील प्रशिक्षकांनी निधी उभारला. पुढे २०१० मध्ये १३ नियमांचा तोच कागद लिलावात ४३ लाख डॉलरला विकला गेला.

जॉन मॅक्लेंडन यांचा संबंध काय?

१९३३ मध्ये जॉन मॅक्लेंडन हा कृष्णवर्णीय तरुण कॅन्ससमध्ये शारीरिक शिक्षण शिकण्यासाठी आला. वर्णभेदामुळे विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाची दारे त्याला बंद होती. नेस्मिथ यांनी त्याला आपल्या हाताखाली घेतले आणि प्रशिक्षक होण्यासाठी मार्गदर्शन केले. मॅक्लेंडन १९३६ मध्ये पदवीधर झाले आणि पुढे वेगवान आक्रमणाच्या शैलीसाठी ओळखले जाऊ लागले. १९४४ मध्ये डरहॅम शहरात त्यांच्या संघाने ड्यूक विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेतील गोऱ्या खेळाडूंना बंद दाराआड झालेल्या सामन्यात ८८-४४ असे हरवले. तेव्हा असा सामना खेळणे धोक्याचे असल्याने ही गोष्ट अनेक दशके गुप्त राहिली.

छोट्या महाविद्यालयांची स्पर्धा कशी सुरू झाली?

१९३७ मध्ये एमिल लिस्टन, फ्रँक क्रेमर आणि नेस्मिथ यांच्या पुढाकाराने कॅन्सस सिटीत आठ संघांची स्पर्धा झाली. मोठ्या विद्यापीठांच्या सावलीत राहणाऱ्या छोट्या महाविद्यालयांना राष्ट्रीय विजेतेपदाची संधी मिळावी, हा हेतू होता. पुढच्याच वर्षी संघांची संख्या ३२ झाली. आज गाजणारी एनसीएएची स्पर्धा त्यानंतर, १९३९ मध्ये सुरू झाली. छोट्या महाविद्यालयांच्या स्पर्धेचे आयोजन आज एनएआयए ही संघटना करते.

मात्र या स्पर्धेतही कृष्णवर्णीयांना मज्जाव होता. १९४७ मध्ये इंडियाना स्टेटचे प्रशिक्षक जॉन वुडन यांनी क्लॅरेन्स वॉकर या आपल्या खेळाडूला वगळावे लागणार म्हणून निमंत्रणच नाकारले. १९४८ मध्ये बंदी उठली आणि वॉकर खेळले. पुढे मॅक्लेंडन यांच्या टेनेसी ए अँड आय संघाने १९५७, १९५८ आणि १९५९ अशी सलग तीन वर्षे ही स्पर्धा जिंकली.

वारसा कोणता?

हे यश पाहायला नेस्मिथ नव्हते. २८ नोव्हेंबर १९३९ रोजी लॉरेन्स येथे मेंदूतील रक्तस्रावाने त्यांचे निधन झाले. स्प्रिंगफील्डमधील ‘हॉल ऑफ फेम’ला त्यांचे नाव आहे. मॅक्लेंडन यांना तिथे १९७९ मध्ये स्थान मिळाले, पण खेळाला योगदान देणारी व्यक्ती म्हणून. प्रशिक्षक म्हणून त्यांचा सन्मान झाला तो २०१६ मध्ये, मृत्यूनंतर १७ वर्षांनी. नेस्मिथ यांच्या प्रशिक्षकपदाचा हिशोब आजही ५५ विजय आणि ६० पराभव असाच मांडला जातो. मॅक्लेंडन यांची तीन विजेतेपदे त्यात धरली जात नाहीत.