ताप मोजणारे फॅरनहाइट



थंडीच्या दिवसांत माझ्या धाकट्या बहिणीला खूप ताप आला. आई तिला कडेवर घेऊन आरोग्य केंद्रात गेली. मी पण बरोबर गेलो. तिथे तिच्या काखेत तापमापी लावली आणि ताप १०३ आहे असे सांगितले. मी घाबरलोच. कारण त्याच आठवड्यात गुरुजींनी आम्हाला शिकवलं होतं की पाणी १०० अंशाला उकळतं. मग ही तर उकळत्या पाण्याच्या पण वर गेली! रात्री मी सारखा तिच्या कपाळाला हात लावून बघत होतो. कपाळ गरम होते, पण हात काही भाजत नव्हता. दुसऱ्या दिवशी गुरुजींना विचारले. गुरुजी हसले नाहीत. त्यांनी सांगितले की दवाखान्यातला १०३ हा आकडा फॅरनहाइटचा आणि पुस्तकातला १०० हा आकडा सेल्सिअसचा. फॅरनहाइट हे एका माणसाचे नाव आहे हे मला तेव्हा कळले. म्हणून मी त्यांची माहिती लिहीत आहे.

डॅनियल गॅब्रिएल फॅरनहाइट यांचा जन्म २४ मे १६८६ रोजी डान्झिग या शहरात झाला. हे शहर बाल्टिक समुद्राच्या काठी आहे. आता ते पोलंड देशात आहे आणि त्याला ग्दान्स्क म्हणतात. त्यांचे वडील व्यापारी होते. घरची परिस्थिती चांगली होती. डॅनियल सगळ्यांत थोरला, त्याच्या पाठीवर चार भावंडे होती.

डॅनियल पंधरा वर्षांचा असताना फार वाईट झाले. १४ ऑगस्ट १७०१ या दिवशी त्याचे आई आणि वडील दोघेही एकाच दिवशी वारले. त्यांच्या खाण्यात विषारी अळंबी आली होती. आमच्याकडे पण पावसाळ्यात अळंबी निघतात. कोणती घ्यायची आणि कोणती नाही हे माझ्या आजीला कळते, आणि जरा जरी शंका आली तरी ती टाकून देते. हे वाचल्यापासून मी आजीला विचारल्याशिवाय एकही अळंबे घरी आणत नाही.

मग काय, घर मोडले. धाकटी भावंडे दुसऱ्यांच्या घरी वाढायला गेली. घरची मालमत्ता ज्यांच्याकडे सांभाळायला दिली होती त्या कारभारी मंडळींनी डॅनियलला हॉलंड देशात ॲमस्टरडॅम शहरी पाठवले. तिथे एका व्यापाऱ्याच्या पेढीवर राहून त्याने हिशेब शिकायचा होता. पण याचे लक्ष हिशेबात कुठले! त्या शहरात काचेच्या नळ्या, तापमापी, हवेचा दाब मोजायचे यंत्र अशा वस्तू करणारे कारागीर होते. डॅनियल त्याच्यातच रमला. त्याने पेढीचे काम सोडले आणि तो गावोगाव फिरून कारागिरांचे काम पाहू लागला. कर्जही काढले. कारभारी मंडळींना याचा राग आला. त्यांनी त्याला पकडून डच ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजावर घालून दूरदेशी पाठवायचे ठरवले आणि त्याच्या नावाने पकडवॉरंट निघाले. याच कंपनीची वखार एके काळी आपल्या कोकणात वेंगुर्ल्याला होती. पण डॅनियल जहाजावर गेला नाही. गेला असता तर माझ्या बहिणीचा ताप कोणत्या आकड्यात मोजला असता कोण जाणे.

आता तापमापी म्हणजे काय ते सांगतो. काचेची एक बारीक नळी असते. तिच्या खालच्या टोकाला फुगा असतो आणि त्यात द्रव भरलेला असतो. गरम झाले की द्रव फुगतो आणि नळीत वर चढतो. गार झाले की आकसतो आणि खाली येतो. एवढेच. तापमापी फॅरनहाइट यांच्या आधीपण होती. इटलीत फ्लॉरेन्स शहरात लोक नळीत स्पिरिट भरून ती करत. पण मोठी अडचण अशी की प्रत्येक कारागीर आपल्या मनाने खुणा करायचा. एकाचा वीस म्हणजे दुसऱ्याचा पन्नास. माझे आजोबा सांगतात की पूर्वी प्रत्येक गावची पायली वेगळी असायची, बाजारात भांडणे व्हायची. तसेच हे. एका गावच्या माणसाने पत्रात लिहिले की आज इतकी थंडी आहे, तर दुसऱ्या गावच्या माणसाला त्यातले काहीच कळायचे नाही.

फॅरनहाइट सुमारे बावीस वर्षांचे असताना डेन्मार्क देशात कोपनहेगनला गेले. तिथे ओले रोमर नावाचे मोठे शास्त्रज्ञ राहत होते. उजेडाला एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जायला वेळ लागतो हे १६७६ मध्ये दाखवून देणारे ते हेच. रोमर तापमापीवर खुणा कशा करतात हे फॅरनहाइट यांनी जवळून पाहिले. रोमर मनाने खुणा करत नसत. ते दोन पक्क्या जागा धरत आणि मधले अंतर सारखे वाटून घेत. एक जागा म्हणजे वितळता बर्फ. तो कुठल्याही गावचा असो, सारखाच गार असतो. ही युक्ती फॅरनहाइट यांना फार आवडली. मला पण आवडली. पायलीचे भांडण मिटवायला पण असेच काहीतरी लागते, सगळ्यांना सारखे असलेले.

पण रोमर यांच्या तापमापीत बर्फाची खूण साडेसातवर होती आणि माणसाच्या अंगाची ऊब साडेबावीसवर. हे साडे फॅरनहाइट यांना नको होते. (मला पण अपूर्णांक आवडत नाहीत.) म्हणून त्यांनी प्रत्येक भागाचे चार भाग केले. साडेसात चोक तीस आणि साडेबावीस चोक नव्वद. पुढे त्यात थोडा बदल करून त्यांनी बर्फाची खूण ३२ वर आणि अंगाची ऊब ९६ वर ठेवली. ९६ मधून ३२ वजा केले की ६४ उरतात. ६४ चे निम्मे ३२, त्याचे निम्मे १६, मग ८, ४, २ आणि १. म्हणजे नुसते निम्मे निम्मे करत गेले की सगळ्या खुणा होतात. तुम्ही सुतळीला घड्या घालून करून बघा, जमते.

मग शून्य कुठे? शून्यासाठी त्यांनी बर्फ, पाणी आणि नवसागर एकत्र केले. नवसागर म्हणजे कल्हईवाला तापलेल्या भांड्यात टाकतो आणि पांढरा धूर निघतो, तोच. बर्फात नवसागर किंवा मीठ घातले की तो वितळतो, पण आणखी गार होत जातो. यात्रेत कुल्फीवाला बर्फात मूठमूठ मीठ टाकतो ते याच्यासाठी. मला आधी वाटायचे की मीठ चवीला टाकतात.

आता त्यांच्या आयुष्यातला महत्त्वाचा प्रसंग सांगतो. फॅरनहाइट यांनी स्पिरिटच्या दोन तापमापी केल्या आणि त्या जर्मनीतल्या हाले गावचे प्राध्यापक क्रिस्तियान वोल्फ यांना दिल्या. वोल्फ यांनी दोन्ही शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या. दोन्ही एकच आकडा दाखवत होत्या. गरमात ठेवा नाही तर गारात ठेवा, एकच आकडा. आपल्याला यात काय विशेष असे वाटेल. पण तेव्हा असे होत नसे, म्हणून प्राध्यापकांना नवल वाटले आणि १७१४ मध्ये त्यांनी ही हकिकत छापली. आईबाप गेलेला, पेढी सोडून पळालेला मुलगा, आणि त्याच्या दोन नळ्यांबद्दल प्राध्यापक लिहितात! त्याच्या कारभारी मंडळींनी हे वाचले की नाही कोण जाणे.

पण स्पिरिटचा एक दोष आहे. स्पिरिट पाण्याच्या आधीच उकळते, सुमारे ७८ अंश सेल्सिअसला. मग उकळते पाणी मोजायचे कशाने? फॅरनहाइट यांनी पारा घेतला. पारा ३५७ अंश सेल्सिअसच्या आसपास उकळतो आणि शून्याच्या खाली ३९ पर्यंत गेल्यावरच गोठतो. मधे कितीही गरम किंवा गार झाले तरी तो पातळच राहतो. पाऱ्याच्या तापमापी याआधी लोकांनी करून पाहिल्या होत्या, पण पारा मळका असला की काचेला चिकटायचा आणि खूण चुकायची. फॅरनहाइट यांनी पारा साफ करायची रीत बसवली. काचेच्या नळ्या ते स्वतः फुंकून करत. नळी सगळीकडे सारख्या जाडीची असावी लागते, एका जागी रुंद आणि एका जागी अरुंद चालत नाही.

१७१७ सालापासून ते हॉलंडमध्येच राहिले. तापमापी आणि दुसरी उपकरणे करून विकायची, आणि लोकांना रसायनशास्त्राची व्याख्याने द्यायची, असे त्यांचे चालले होते.

एकदा त्यांनी वाचले होते की पाणी उकळायला लागले की त्याची उष्णता एका जागी थांबते. हे आपल्यालाही पटणार नाही. चुलीत आणखी लाकडे सारली तर पाणी आणखी तापायला पाहिजे ना? पण नाही. पाणी जोरात उकळते, वाफ जास्त होते, पाणी लवकर आटते, पण आकडा तिथेच. हे मी आईला सांगितले तेव्हा ती म्हणाली की तिला माहीत आहे, उकळी आली की ती जाळ कमीच करते. फॅरनहाइट यांनी नुसते पाणीच नाही, वेगवेगळे द्रव उकळून पाहिले. त्यांच्या तापमापीत स्पिरिट १७६ ला उकळले, पावसाचे पाणी २१२ ला आणि गंधकाचे तेजाब ५४६ ला. म्हणजे प्रत्येक पदार्थाची उकळायची जागा ठरलेली आहे.

आणि तीसुद्धा हवेच्या दाबाप्रमाणे बदलते हे त्यांनी शोधून काढले. दाब कमी तर पाणी लवकर उकळते. डोंगरावर हवेचा दाब कमी असतो. आपल्या महाराष्ट्रातले सगळ्यांत उंच शिखर कळसूबाई १६४६ मीटर आहे. तिथे पाणी ९५ अंश सेल्सिअसच्या आसपासच उकळते, म्हणून डाळ शिजायला वेळ लागतो. कुकरमध्ये उलट. वाफ कोंडून दाब वाढतो, पाणी १२० पर्यंत तापते आणि डाळ पटकन शिजते.

१७२१ मध्ये त्यांना आणखी एक गंमत दिसली. काचेच्या गोळ्यात पावसाचे पाणी घालून, त्यातली हवा काढून तो बंद केला आणि रात्रभर कडक थंडीत ठेवला. थंडी बर्फाच्या खुणेच्या खूप खाली गेली होती. सकाळी बघतात तर पाणी तसेच पातळ! टोक फोडल्याबरोबर आत भराभर बर्फाच्या चकत्या तयार झाल्या. असे गार झालेले पाणी नुसते हिंदकळले तरी एकदम गोठते हेही त्यांना कळले. आमच्या वर्गात हे कोणालाच खरे वाटले नाही, पण ते खरे आहे.

१७२४ मध्ये ते लंडनला गेले. तिथल्या रॉयल सोसायटीने त्यांना सभासद करून घेतले आणि त्यांचे लेख छापले. पेढीवर हिशेब शिकायला पाठवलेल्या मुलाला शास्त्रज्ञांच्या सभेत जागा मिळाली.

पण पैसा काही मिळाला नाही. त्यांनी लग्न केले नाही. शेवटी ते पाणी उपसण्याच्या एका यंत्राचा हक्क मिळवायच्या खटपटीत हेग शहरी गेले होते. तिथेच आजारी पडले आणि १६ सप्टेंबर १७३६ रोजी वारले. तेव्हा ते पन्नास वर्षांचे होते. गरिबाला जसे पुरतात तसेच त्यांना साधेपणाने पुरले. जगाचा ताप मोजणाऱ्या माणसाला शेवटच्या आजारात कितीचा ताप होता हे कुठेच लिहिलेले नाही. मी गुरुजींना पण विचारले.

पुढे १७४२ मध्ये स्वीडन देशातल्या अँडर्स सेल्सिअस यांनी पाण्याचे गोठणे आणि उकळणे यांच्यामध्ये १०० भाग केले. गंमत म्हणजे त्यांनी उकळण्याला शून्य आणि गोठण्याला १०० धरले होते! त्यांच्या मृत्यूनंतर ते उलटे केले. ते आपण शाळेत शिकतो. अमेरिकेत अजून हवा सुद्धा फॅरनहाइटमध्ये सांगतात. आपल्याकडे हवा सेल्सिअसमध्ये आणि ताप बहुतेक फॅरनहाइटमध्ये, म्हणून माझा घोटाळा झाला. निरोगी माणसाची ऊब आता ९८.६ धरतात. आणि आता दवाखान्यात पाऱ्याची तापमापी कमी झाली आहे, कारण पारा विषारी असतो. फुटली तर पाऱ्याचे मणी हाताने गोळा करू नका.

गुरुजींनी मला फळ्यावर हिशेब करायला लावला. फॅरनहाइटच्या आकड्यातून ३२ वजा करायचे, पाचने गुणायचे आणि नऊने भागायचे. आधी २१२ घेतले. २१२ वजा ३२ बरोबर १८०. पाचने गुणून ९००. नऊने भागून बरोबर १००, बाकी शून्य. म्हणजे पाणी तेच, उकळी तीच. मग मी बहिणीचा ताप घेतला. १०३ वजा ३२ बरोबर ७१. पाचने गुणून ३५५. नऊने भागले तर ३९ आले आणि बाकी ४ उरली. ती उकळत्या पाण्याच्या जवळपासही नव्हती. घरी जाऊन मी हे तिला सांगितले, पण ती तीन वर्षांची आहे. ती म्हणाली की मला चिंच पाहिजे.