रुस्तुम-ए-जमाँ गामा : सामर्थ्य आणि अमानत

फज्रच्या नमाजनंतर भाट्ये येथील समुद्रकिनाऱ्यावर गेल्यास सुरूच्या बनाच्या कडेने धावणारे आणि ओल्या वाळूत जोर-बैठका मारणारे तरुण हमखास दृष्टीस पडतात. खाडीवरचा पूल ओलांडून रत्नागिरी शहरातूनही मुले येतात. व्यायाम आटोपून ती घोळक्याने बसली की चर्चा बहुधा एकाच प्रश्नाशी येऊन थांबते : जगातील सर्वांत बलाढ्य पुरुष कोण? कुणी मुहम्मद अलींचे नाव घेतो, कुणी माईक टायसनचे. एखादा जाणकार जो लुईस यांचा दाखला देतो. त्यांनी 1937 पासून 1949 पर्यंत मुष्टियुद्धातील हेवीवेट विजेतेपद राखले आणि पंचवीस वेळा त्याचे यशस्वी रक्षण केले. या नामावळीत आपल्याच उपखंडाच्या मातीत घडलेल्या गामा पहिलवानांचे नाव मात्र क्वचितच ऐकू येते. ही उणीव भरून काढावी, या हेतूने हा लेखनप्रपंच.

बलाची महती इस्लामने नाकारलेली नाही. सशक्त ईमानधारक हा दुर्बल ईमानधारकापेक्षा अल्लाहला अधिक प्रिय असून भलाई मात्र दोघांतही आहे, अशी प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आहे. रुकाना नावाच्या नामांकित मल्लाशी प्रेषितांनी (स.) कुस्ती केल्याचा उल्लेख हदीस व सीरतच्या ग्रंथांत आढळतो. चेहऱ्यावर प्रहार करण्यास मात्र प्रेषितांनी (स.) मनाई केली आहे. त्यामुळे ज्या खेळात प्रतिस्पर्ध्याच्या तोंडावर व डोक्यावर ठोसे मारणे हेच विजयाचे साधन असते, त्या मुष्टियुद्धावर उलेमांनी आक्षेप घेतला. कुस्तीकडे ते त्या दृष्टीने पाहत नाहीत. पवित्र कुरआनच्या सूरह कससमध्ये हजरत मूसा (अ.) यांच्या संदर्भात चांगल्या सेवकाचे दोन गुण एकत्र सांगितले आहेत : तो सामर्थ्यवान असावा आणि विश्वासू असावा. गामांचे जीवन याच दोन कसोट्यांवर पारखून पाहू.

गुलाम मुहम्मद बख्श हे त्यांचे संपूर्ण नाव. 1878 मध्ये पंजाबातील काश्मिरी वंशाच्या एका मल्ल घराण्यात त्यांचा जन्म झाला. वडील मुहम्मद अजीज बख्श हे स्वतः पहिलवान होते. परंतु गामा अवघ्या सहा वर्षांचे असताना ते अल्लाहला प्यारे झाले. आजोळच्या नून पहिलवानांनी आणि त्यांच्या पश्चात मामा ईदा पहिलवानांनी या पोरक्या मुलाला आखाड्याच्या मातीत वाढविले. 1888 मध्ये जोधपूरच्या महाराजांनी बैठकांची स्पर्धा भरविली, तेव्हा चारशेहून अधिक मल्ल तीत उतरले होते. एकेक जण थकून बाजूला होत गेला. अखेरच्या पंधरा जणांत दहा वर्षांचा गामा अद्याप उठत-बसत होता. त्याचे वय पाहून महाराजांनी त्यालाच विजेता घोषित केले. पुढे दतिया संस्थानाने त्याच्या खुराकाची व तालमीची व्यवस्था केली.

त्यांच्या खुराकाविषयी आणि उचललेल्या वजनांविषयी असंख्य आख्यायिका पसरल्या. दुधाच्या घागरी आणि बदामांच्या राशी प्रत्येक कथनात वाढतच गेल्या. या अतिशयोक्तीची गामांना गरज नाही. उंची जेमतेम पाच फूट सात इंच, वजन ऐन उमेदीत नव्वद किलोंच्या आसपास. म्हणजे हेवीवेट मल्लांत ते बुटकेच गणले जात. ही उणीव त्यांनी तीन गोष्टींनी भरून काढली. पहिली गोष्ट मेहनत. दररोज हजारोंच्या संख्येने बैठका आणि जोर, त्यानंतर आखाड्यातील साथीदारांशी एकामागून एक लढत, हा क्रम त्यांनी वर्षानुवर्षे चालविला. बैठकांनी मांड्यांना आणि जोरांनी छाती-खांद्यांना जी ताकद येते, ती थेट डावात उतरते. दुसरी गोष्ट वेग. सलामी झडताच प्रतिस्पर्धी सावरण्यापूर्वी ते त्याच्या पायांना किंवा कमरेला भिडत. तिसरी गोष्ट दम. पहिला हल्ला फसला तरी श्वास न फुलता तासन् तास लढत राहण्याची क्षमता त्यांच्यात होती.

या दमाची पहिली मोठी परीक्षा 1895 मध्ये लाहोर येथे झाली. रुस्तुम-ए-हिंद हा किताब मिरविणारे गुजरांवालाचे रहीम बख्श सुलतानीवाला हे गामांपेक्षा सुमारे फूटभर उंच आणि अनुभवाने कितीतरी मोठे होते. सतरा वर्षांचा हा पोर काही क्षणांतच चीत होईल, अशी सर्वांची अटकळ होती. प्रत्यक्षात झुंज तासन् तास चालली आणि बरोबरीत सोडविण्यात आली. त्यानंतरही गामांनी रहीम बख्श यांच्याशी अनेकदा हात मिळविला. परंतु निर्णायक विजयासाठी त्यांना सुमारे पंधरा वर्षे वाट पाहावी लागली. सब्र हा गुण केवळ संकटातच नव्हे, तर कौशल्याच्या साधनेतही किती आवश्यक असतो, हे या प्रदीर्घ प्रतीक्षेवरून समजते.

1910 हे वर्ष बलोपासनेच्या जागतिक इतिहासात विशेष महत्त्वाचे आहे. त्या वर्षी 4 जुलै रोजी अमेरिकेतील रेनो शहरात जॅक जॉन्सन या कृष्णवर्णीय हेवीवेट विजेत्याने जिम जेफ्रीज या गोऱ्या मुष्टियोद्ध्याचा पराभव केला. गोऱ्या समाजाला हा पराभव सोसला नाही. अनेक शहरांत दंगली उसळल्या आणि निरपराध कृष्णवर्णीयांचे प्राण गेले. वर्णश्रेष्ठत्वाच्या या उन्मादाच्या काळातच गुलाम देशातला एक मल्ल साम्राज्याच्या राजधानीत जगाला आव्हान देण्यासाठी उतरला होता. धाकटे बंधू इमामबक्ष त्यांच्यासोबत होते. उंची कमी म्हणून लंडनच्या स्पर्धेत गामांना प्रवेश नाकारण्यात आला. तेव्हा त्यांनी उघड आव्हान दिले : कोणत्याही वजनाचे कोणतेही तीन मल्ल समोर आणा, अर्ध्या तासात तिघांनाही पाडून दाखवीन.

प्रारंभी लोकांनी ही पोकळ बढाई समजून दुर्लक्ष केले. अखेर 8 ऑगस्ट रोजी अमेरिकेचे बेंजामिन रोलर पुढे आले. ते व्यवसायाने डॉक्टर आणि नावाजलेले मल्ल होते. गामांनी त्यांना पहिल्या फेरीत दोन मिनिटांच्या आत आणि दुसऱ्या फेरीत सुमारे नऊ मिनिटांत चीत केले. मग 10 सप्टेंबर रोजी लंडनच्या व्हाईट सिटी मैदानावर पोलंडचे स्टॅनिस्लाव झ्बिस्को त्यांच्यासमोर उभे राहिले. वजनात ते गामांपेक्षा बरेच भारी होते. कुस्ती सुरू होताच गामांनी त्यांना खाली घेतले. परंतु झ्बिस्कोंनी पोट गादीला चिकटवून जे अंग धरले, ते सोडलेच नाही. लाल मातीत वाढलेल्या गामांना गादी परकी होती आणि पालथ्या पडून राहिलेल्या त्या अवजड देहाला उलटविण्याचा मार्ग सापडत नव्हता. अडीच तासांहून अधिक वेळ हा प्रकार चालला व कुस्ती अनिर्णित राहिली. 17 सप्टेंबरला ती पुन्हा व्हायची होती. गामा मैदानात हजर झाले. झ्बिस्को आलेच नाहीत. जॉन बुल पट्टा व 250 पौंडांचे पारितोषिक गामांना देण्यात आले. मायदेशी परतल्यावर अलाहाबाद येथे रहीम बख्श यांना नमवून त्यांनी रुस्तुम-ए-हिंद हा किताबही मिळविला.

मराठी मुलखालाही या घराण्याचा परिचय आहे. बडोद्यात गायकवाडांच्या राज्यात 1902 साली गामांनी उचललेली प्रचंड शिळा तेथील संग्रहालयात जतन केलेली असून तिच्यावर त्यांचे नाव व दिनांक कोरलेला आहे. रत्नागिरीहून आंबा घाट चढून गेले की लागणाऱ्या कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी खासबाग मैदान उभारले. 1912 साली खुल्या झालेल्या या मैदानातील आरंभीच्या गाजलेल्या कुस्त्यांमध्ये इमामबक्ष आणि गुलाम मोहिद्दीन यांची लढत आजही सांगितली जाते. दतिया, जोधपूर, बडोदा, कोल्हापूर येथील हिंदू राजे आणि पतियाळाचे शीख महाराज यांनी मुस्लिम मल्लांना आपल्या पदरी सन्मानाने ठेवले. आखाड्याच्या मातीने मल्लाचा धर्म विचारला नाही.

पतियाळाचे महाराजा भूपिंदर सिंग यांनीच अठरा वर्षांपूर्वीचा अपुरा हिशेब पूर्ण करण्याची संधी दिली. मधल्या काळात झ्बिस्को अमेरिकेत दोनदा जागतिक विजेते ठरले होते. जानेवारी 1928 मध्ये ते पतियाळात आले. या वेळी गादी नव्हती, माती होती. दोघेही पन्नाशीच्या उंबरठ्यावर होते. हजारो प्रेक्षक नीट स्थिरावण्यापूर्वीच, एका मिनिटाच्या आत, झ्बिस्कोंची पाठ मातीला लागली. महाराजांनी गामांना चांदीची गदा अर्पण केली आणि रुस्तुम-ए-जमाँ, म्हणजे युगाचा महामल्ल, ही उपाधी सर्वतोमुखी झाली.

इतिहासात गामांचे स्थान ठरविताना न्यायबुद्धीने काही गोष्टी मान्य कराव्या लागतात. अमेरिकेचे फ्रँक गॉच आणि युरोपचे जॉर्ज हॅकेनश्मिट या तत्कालीन थोर मल्लांशी त्यांची गाठ पडली नाही; मात्र त्यात आव्हान देण्याची कसूर गामांकडून झालेली नव्हती. दीर्घ कारकिर्दीत त्यांची पाठ कुणी मातीला लावल्याची नोंद नाही. पुढे पुढे तर त्यांच्याशी लढण्यास प्रतिस्पर्धीच मिळेनासे झाले. एवढे वर्चस्व लाभलेला मनुष्य उन्मत्त होणे सहज शक्य होते.

येथे दुसरी कसोटी पुढे येते. इतरांना पाडणारा बलवान नसून क्रोधाच्या वेळी स्वतःला आवरणारा खरा बलवान होय, ही प्रेषितांची (स.) सुप्रसिद्ध शिकवण बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आली आहे. 1947 च्या फाळणीत लाहोर पेटले, तेव्हा गामा तेथील मोहनी रोडवर राहत होते. शेजारी अनेक हिंदू कुटुंबे होती. सूडाने बेभान झालेला जमाव त्या गल्लीवर चालून आला असता, जवळजवळ सत्तरीचे गामा आपल्या शागिर्दांसह आडवे उभे राहिले आणि जमाव माघारी फिरला, अशी आठवण सांगितली जाते. त्या कुटुंबांना त्यांनी पदरचे धान्य व पैसे देऊन सरहद्दीपर्यंत सुखरूप पोहोचविले, असेही सांगतात. अंगावर आलेला जमाव त्यांच्याच धर्माचा होता. शेजाऱ्याचा हक्क धर्म पाहून ठरत नाही, हे त्या दिवशी त्यांनी कृतीने दाखविले. बलाची अमानत त्यांनी तिच्या खऱ्या मालकाच्या इच्छेनुसार वापरली.

अखेरची वर्षे कठीण गेली. अल्लाहने दिलेले पाचही पुत्र अल्पायुषी ठरले. 1945 मध्ये तेरा वर्षांचा धाकटा जलालुद्दीन गेला, तेव्हा पित्याची वाचा काही दिवस बंद पडली होती. संस्थाने विलीन झाल्याने राजाश्रय संपला. हृदयविकार व दम्याने शरीर पोखरले. एके काळी ज्यांच्या श्वासाचा अंत लागत नसे, ते श्वासासाठी तळमळू लागले. त्यांच्या विपन्नावस्थेची वार्ता समजल्यावर सरहद्दीपलीकडून, भारतातून, उद्योगपती घनश्यामदास बिर्ला यांनी साहाय्य पाठविले. 23 मे 1960 रोजी लाहोर येथे गामांचे निधन झाले. मनुष्याला अशक्तपणातून सशक्त करणारा आणि सशक्तपणानंतर पुन्हा अशक्तपणा व वार्धक्य देणारा अल्लाहच आहे, हे सूरह रूममधील वचन त्यांच्या आयुष्यात आरंभापासून अंतापर्यंत खरे ठरले.

म्हणून भाट्येच्या वाळूत घाम गाळणाऱ्या आपल्या मुलांना गामांच्या बैठकांचा आकडा जरूर सांगावा. त्यासोबत मोहनी रोडवरील ती रात्रही सांगावी. व्यायामाने कमावलेले बाहू रस्त्यावरील क्षुल्लक भांडणात उगारले जातात, की घाबरलेल्या शेजाऱ्याच्या दारात उभे राहतात, यावरच त्या मेहनतीचे मोल ठरणार आहे. आणि गावातले जे वृद्ध वस्ताद आज अंथरुणाला खिळले आहेत, त्यांच्या औषधपाण्याची चौकशी याच मुलांनी करावी. अल्लाह गामा पहिलवानांना आपल्या कृपाछत्राखाली घेवो, आणि आपल्या तरुणांना सामर्थ्य व अमानतदारी हे दोन्ही गुण प्रदान करो. आमीन.