वामनदादा कर्डक : पाट्या वाचून घडलेला महाकवी

भोकरदन - एप्रिल उजाडला की मराठवाड्याच्या वस्त्यावस्त्यांतून भीमगीतांचे सूर उमटू लागतात. भोकरदन तालुकाही त्यास अपवाद नाही. यातील अनेक गीतांच्या अखेरच्या कडव्यात 'वामन' हे नाव येते. ते नाव लोककवी वामनदादा कर्डक यांचे.

१५ ऑगस्ट १९२२ रोजी नाशिक जिल्ह्यातील सिन्नर तालुक्यातल्या देशवंडी या खेड्यात दादांचा जन्म झाला. दारिद्र्यामुळे शाळेची पायरी त्यांना चढता आली नाही. पोटासाठी मुंबई गाठली, मिळेल ती मजुरी केली. एके दिवशी एका गृहस्थाने पत्र वाचून दाखविण्याची विनंती केली. आपल्याला वाचता येत नाही, हे सांगताना या तरुणाला रडू कोसळले. त्यानंतर त्यांनी जिद्दीने अक्षरओळख करून घेतली आणि रस्त्यावरील दुकानांच्या पाट्या वाचीत जोडाक्षरे आत्मसात केली. १९४३ मध्ये त्यांनी पहिले गीत रचले.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या विचारांनी त्यांच्या लेखणीला दिशा दिली. गावोगाव पायपीट करून, मिळेल त्या साथीवर त्यांनी रात्र-रात्र गायन केले. समता आणि श्रमिकांचे हक्क हे त्यांच्या गीतांचे विषय. तथापि हा कवी केवळ प्रचारक नव्हता. मोडलेला संसार, लेकीच्या मृत्यूचे दुःख, माणसाचे एकटेपण यांचा शोधही त्यांनी घेतला. समाजाला प्रश्न विचारणारा हा शाहीर स्वतःच्या मनालाही तितक्याच कठोरपणे प्रश्न विचारीत असे.

'वाटचाल' (१९७३) व 'मोहळ' हे त्यांचे गीतसंग्रह आणि 'माझ्या जीवनाचं गाणं' हे आत्मकथन प्रसिद्ध आहे. मात्र मागेल त्याला गाणे देऊन टाकणाऱ्या दादांची कितीतरी रचना गायकांच्या वह्यांत आणि कंठातच राहिली. एकेक जुना गायक काळाच्या पडद्याआड जात असताना हा ठेवा जपणे निकडीचे झाले आहे.

१५ मे २००४ रोजी दादांचे निधन झाले. साधे शब्द, ओठांवर सहज रुळणाऱ्या चाली आणि भोगलेले सत्य यांमुळे त्यांचे गीत आजही टिकून आहे. ते गाण्यासाठी रंगमंच लागत नाही. एक ढोलकी, एक पेटी आणि सोबतीला चार माणसे पुरतात.