मेचनिकॉफ आणि शरीरातील आग

२०२० साली करोनाची महासाथ आली आणि प्रतिकारशक्ती हा शब्द घरोघर पोचला. काढे, चूर्णे, गोळ्या, सारे काही ती वाढविण्यासाठी! ही शक्ती जितकी अधिक तितके बरे, असा भाबडा समज त्यामागे होता. त्याच वर्षी जूनमध्ये मात्र ब्रिटनमधील चाचण्यांतून दिसून आले की, प्राणवायू लावाव्या लागलेल्या रुग्णांतील मृत्यू डेक्सामेथासोन या औषधाने घटतात. आणि हे औषध प्रतिकारशक्तीला लगाम घालणारे आहे. शरीराने रोगाविरुद्ध पेटविलेली आग शरीरालाच जाळू लागते, ती अशी. या आगीचा, म्हणजे दाहाचा, अर्थ प्रथम लावला तो एली मेचनिकॉफ यांनी. त्यांचे चरित्र म्हणूनच आज पुन्हा पाहण्याजोगे आहे.

मेचनिकॉफ यांचा जन्म १८४५ साली आजच्या युक्रेनमधील खारकॉव्हजवळच्या एका खेड्यात झाला. ते वैद्य नव्हते; प्राणिशास्त्रज्ञ होते. रोग मात्र त्यांच्या घरातच वस्तीला होता. पहिली पत्नी ल्युडमिला विवाहाच्या वेळीच क्षयाने इतकी खंगली होती की, तिला खुर्चीत बसवून चर्चमध्ये न्यावे लागले. १८७३ मध्ये मदीरा बेटावर ती निवर्तली, तेव्हा मेचनिकॉफ यांनी अफू घेऊन जीव देण्याचा प्रयत्न केला. पुढे दुसरी पत्नी ओल्गा विषमज्वरातून उठली, तरी त्यांचे मन सावरले नव्हते. १८८१ मध्ये त्यांनी उलटून येणाऱ्या तापाच्या रुग्णाचे रक्त स्वतःला टोचून घेतले. याही वेळी मृत्यूने त्यांना परत पाठविले.

ओडेसा विद्यापीठातील राजकारणाला विटून १८८२ मध्ये त्यांनी राजीनामा दिला आणि ते सिसिलीतील मेसिना येथे जाऊन राहिले. एके दिवशी घरची मंडळी सर्कशीतील माकडांचे खेळ पाहावयास गेली असता ते एकटेच सूक्ष्मदर्शकापाशी बसले होते. तारामाशाच्या काचेसारख्या पारदर्शक डिंभात काही पेशी इकडून तिकडे फिरताना दिसत होत्या. या पेशी शरीराच्या रखवालदार तर नसतील? त्यांनी बागेतून गुलाबाचे काटे आणून डिंभाच्या अंगात खुपसले. दुसऱ्या दिवशी पहाटे पाहतात तो काट्याभोवती त्या पेशींचा गराडा पडलेला!

लाली, सूज, उष्णता आणि वेदना ही दाहाची लक्षणे रोमन काळापासून वैद्यांना पाठ होती. पण दाह म्हणजे रोगच, असे मानले जाई. पांढऱ्या पेशी जंतूंना शरीरभर वाहून नेतात, असेही कित्येक पंडित मानीत. मेचनिकॉफ यांचा मुद्दा साधा आणि अजोड होता. तारामाशाला आपल्यासारख्या रक्तवाहिन्या नाहीत, तरीही पेशी काट्याकडे धावतात; तेव्हा दाहाचे मर्म रक्तवाहिन्यांत नसून पेशींच्या भक्षणवृत्तीत आहे. रोग वेगळा आणि दाह हे त्यावरचे उत्तर वेगळे. या भक्षकपेशींच्या सिद्धांतावर जर्मन शास्त्रज्ञ तुटून पडले. संरक्षण करतो तो रक्तद्रव, पेशी नव्हेत, असा त्यांचा आग्रह. हा वाद पॅरिसच्या पाश्चर संस्थेतून मेचनिकॉफ यांनी वर्षानुवर्षे लढविला. अखेर १९०८ चे नोबेल पारितोषिक त्यांना आणि प्रतिपक्षाच्या पाउल एर्लिक यांना विभागून मिळाले, हे न्याय्यच झाले. दोघेही बरोबर होते.

मात्र रखवालदार फितूरही होतात. ज्या क्षयाने ल्युडमिलाला नेले, त्याचे जंतू मेचनिकॉफ यांनीच नाव दिलेल्या महाभक्षक पेशींच्या पोटात सुखाने राहतात. जठरातील हेलिकोबॅक्टर जंतू किंवा यकृतातील हिपॅटायटिस-बीचा विषाणू हटला नाही की दाह वर्षानुवर्षे धुमसतो. पेशी मरतात, नव्या जन्मतात आणि त्या धबडग्यात एखादी कर्करोगाच्या वाटेला लागते. कर्करोगाची गाठ तर महाभक्षक पेशींनाच राबवून आपल्यासाठी रक्तवाहिन्या वाढवून घेते. उलट, लढाऊ पेशींचा लगाम सैल केला तर काही गाठी विरतात. या शोधाला २०१८ चे नोबेल मिळाले. पण त्या उपचारात कधी आतडी, कधी फुप्फुसे दाहाने पोळतात.

मेचनिकॉफ यांना ही दुसरी बाजू अगदीच अज्ञात नव्हती. म्हातारपणी मेंदूच्या पेशी भक्षकपेशीच खातात आणि आतड्यातील कुजके जंतू त्याला निमित्त होतात, असे ते मांडू लागले. उपाय म्हणून ते आंबवलेले दूध पीत. युरोपात त्याची साथच पसरली. ताकावर वाढलेल्या आपल्या लोकांना त्यात नवल वाटू नये. त्यांची ही उपपत्ती मूळ शोधाइतकी भक्कम नव्हती, हे सांगितले पाहिजे.

ओडेसातील त्यांचा एक विद्यार्थी वॉल्डेमार हाफकिन पाश्चर संस्थेच्या ग्रंथालयात नोकरीस लागला आणि १८९६ मध्ये प्लेगग्रस्त मुंबईत आला. १८९७ च्या जानेवारीत त्याने प्लेगची लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था त्याच्याच नावाची. मेचनिकॉफ १९१६ च्या जुलैमध्ये पॅरिस येथे हृदयविकाराने वारले. त्यांच्या अस्थी पाश्चर संस्थेच्या ग्रंथालयात ठेवल्या आहेत.