मनगटावरच्या वेळेची गोष्ट

आज पुरुषांच्या मनगटावर ऐटीत मिरवणारं घड्याळ एकेकाळी फक्त बायकांचा दागिना होता, हे सांगितलं तर विश्वास बसेल? शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी युरोपातले पुरुष कोटाच्या खिशात साखळीचं घड्याळ ठेवायचे. मनगटावर बांधायचं ते बायकांनी, बांगडीसारखं! आणि त्यात वेळ बरोबर असेलच, अशी कुणाची अपेक्षाही नसायची. एवढंसं यंत्र, त्यात धूळ जाणार, पाणी जाणार, हात सारखा हलणार. ते नीट चालेलच कसं?

ते चालेल असं मनापासून वाटलेला एक माणूस होता. हान्स विल्सडॉर्फ. ‘रोलेक्स’ या जगप्रसिद्ध कंपनीचा संस्थापक. रोलेक्सचं घड्याळ लाखांच्या घरातलं, आपल्यासारख्यांनी काचेबाहेरूनच बघायचं. पण या माणसाची गोष्ट मात्र मला आपल्या अगदी जवळची वाटते.

हान्सचा जन्म 22 मार्च 1881 चा, जर्मनीतल्या बव्हेरिया प्रांतातल्या कुल्मबाख या छोट्या गावातला. घरचा लोखंडी सामानाचा चांगला चालता धंदा होता. पण आई गेली, पाठोपाठ वडीलही गेले. हान्स तेव्हा अवघा बारा वर्षांचा होता. मामा-काकांनी धंदा विकून टाकला आणि मुलांना बोर्डिंगच्या शाळेत घातलं. वाचताना माझ्या पोटात कालवलं. पण धंद्याचे पैसे मुलांच्या शिक्षणाला लागले आणि लहानपणीच स्वतःच्या पायावर उभं राहण्याची सवय लागली. शाळेत हान्सची गोडी दोनच गोष्टींत, गणित आणि भाषा. त्यातली इंग्रजी पुढे त्याला पोटाला लावणार होती.

1900 साली तो स्वित्झर्लंडमधल्या ला शो-द-फाँ या घड्याळांच्या गावी एका निर्यातदाराकडे नोकरीला लागला. पगार महिन्याला 80 फ्रँक. काम इंग्रजी पत्रव्यवहाराचं, शिवाय रोज शेकडो घड्याळांना चावी द्यायची आणि ती बरोबर चालतात का ते बघायचं. कंटाळवाणं काम, हो ना? पण कुठलं घड्याळ किती मागे पडतं, कुठलं पुढे जातं, हे तिथेच त्याच्या हाताला कळलं. विल्सडॉर्फ स्वतः कारागीर कधीच नव्हते, हे इथे आवर्जून सांगते. चांगली वस्तू ओळखायची नजर आणि ती लोकांपर्यंत पोचवायची हातोटी, एवढंच त्यांचं भांडवल.

1905 मध्ये, वयाच्या चोविसाव्या वर्षी, त्यांनी लंडनमध्ये अल्फ्रेड डेव्हिस यांच्याबरोबर भागीदारीत पेढी काढली. घड्याळाच्या आतली यंत्रं यायची स्वित्झर्लंडच्या बील गावातल्या एग्लर यांच्या कारखान्यातून. 1908 मध्ये ‘रोलेक्स’ हे नाव नोंदवलं. इंग्रजीत फक्त पाच अक्षरं, कुठल्याही देशातल्या माणसाला म्हणता येईल असं आणि छोट्याशा तबकडीवर मावेल असं.

पण नाव ठेवणं वेगळं आणि ते चालवणं वेगळं! तेव्हा इंग्लंडमध्ये तबकडीवर नाव असायचं ते विकणाऱ्या दुकानदाराचं. बनवणाऱ्याला कोण विचारतो? आमच्याकडे बचत गटातल्या बायका पापड लाटतात आणि पिशवीवर लेबल लागतं दुकानाचं, तसंच ते. विल्सडॉर्फ यांनी भांडण नाही काढलं. सहा घड्याळांच्या पेटीत एकावर रोलेक्स लिहायला सुरुवात केली. मग दोनांवर, मग तिनांवर. सगळ्या घड्याळांवर स्वतःचं नाव यायला वीसेक वर्षं लागली. या चिकाटीला काय म्हणावं!

दुसरीकडे वेळेच्या अचूकपणाचा ध्यास चालूच होता. 1910 मध्ये स्वित्झर्लंडमध्ये रोलेक्सच्या मनगटी घड्याळाला अचूकतेचं प्रमाणपत्र मिळालं. 1914 मध्ये तर इंग्लंडच्या क्यू वेधशाळेने 45 दिवस कसून परीक्षा घेऊन एका मनगटी घड्याळाला ‘अ’ दर्जा दिला. असा दर्जा एरवी जहाजांवरच्या मोठ्या घड्याळांना मिळायचा. बायकांचा दागिना म्हणून हिणवलेली वस्तू परीक्षेत पहिल्या वर्गात पास झाली!

त्याच वर्षी पहिलं महायुद्ध पेटलं. खंदकातल्या सैनिकाला खिशात हात घालायला सवड कुठली? पुरुषांच्या मनगटावर घड्याळ आलं ते असं. पण विल्सडॉर्फ जन्माने जर्मन, आणि इंग्लंडमध्ये जर्मन नाव कुणाला नको होतं. 1915 मध्ये पेढीचं नाव बदलून रोलेक्स झालं. त्याच वर्षी आयात घड्याळांवर तब्बल 33 टक्क्यांहून जास्त कर बसला. शेवटी 1919 मध्ये बिऱ्हाड हललं ते जिनिव्हाला, कायमचं.

1926 मध्ये आलं ‘ऑयस्टर’, म्हणजे शिंपला. पाणी आणि धूळ आत न जाणारं घड्याळ. चावी स्क्रूसारखी घट्ट बसवण्याची युक्ती दुसऱ्या दोघा कारागिरांची, तिचे हक्क विल्सडॉर्फ यांनी विकत घेतले होते. पण लोकांना पटवायचं कसं?

इथे आपल्या गोष्टीत एक मुलगी येते. मर्सिडीज ग्लाइट्स, लंडनमधली टायपिस्ट. ऑक्टोबर 1927 मध्ये ती इंग्लिश खाडी पोहून गेली, असं करणारी पहिली ब्रिटिश स्त्री. पण दुसऱ्या एकीने पोहल्याचा खोटा दावा केला आणि संशय हिच्यावरही आला. पठ्ठी त्याच महिन्यात पुन्हा पाण्यात उतरली, गळ्यात रोलेक्स अडकवून. कडाक्याच्या थंडीत दहा तासांहून जास्त पोहली. किनारा गाठता आला नाही, पण तिच्या हिमतीवर पुन्हा कुणी शंका घेतली नाही. आणि घड्याळ? ते टिकटिक करतच होतं. विल्सडॉर्फ यांनी लंडनच्या ‘डेली मेल’चं अख्खं पहिलं पान जाहिरातीसाठी घेतलं. दुकानांच्या काचेत माशांच्या टाकीत घड्याळं बुडवून ठेवली. मर्सिडीजने पुढे पोहण्याच्या कमाईतून लेस्टर शहरात निराधारांसाठी घरं उभी केली, हेही लक्षात ठेवायला हवं.

दुसऱ्या महायुद्धात जर्मनीच्या कैदेत असलेल्या ब्रिटिश अधिकाऱ्यांची घड्याळं काढून घेतली जात. विल्सडॉर्फ यांनी त्यांना उधारीवर घड्याळं पाठवली, पैसे युद्ध संपल्यावर द्यायच्या बोलीवर. उधार घेणारा जिवंत परतेल की नाही, हेही माहीत नव्हतं. विचार करा, आपण देऊ असं?

1911 मध्ये लग्न करून आलेली पत्नी मे 1944 मध्ये गेली. मूलबाळ नव्हतं. एवढा पसारा कुणाच्या हाती द्यायचा? वडिलांच्या मागे धंदा विकला गेला, हे त्यांनी बाराव्या वर्षी पाहिलं होतं. 1945 मध्ये त्यांनी एक धर्मादाय संस्था स्थापन केली आणि आपली सारी मालकी तिच्याकडे जाईल अशी व्यवस्था केली. 6 जुलै 1960 ला जिनिव्हात त्यांचं निधन झालं. आजही रोलेक्सची मालक ही संस्थाच आहे. कंपनीचे शेअर बाजारात मिळत नाहीत. नफ्यातला वाटा जिनिव्हातल्या गरजूंना, शिक्षणाला, कलेला जातो.

आपल्याकडे मूल नसलेल्या घराला लोक किती सहज नावं ठेवतात, मागे कोण म्हणून हळहळतात. मला तर वाटतं, या पोरक्या मुलाने त्या प्रश्नाचं फार मोठं उत्तर देऊन ठेवलंय.