थंडाव्याला चाके देणारे फ्रेडरिक जोन्स

पिंपळगाव बसवंत : द्राक्षहंगामात निफाड तालुक्यातील निर्यातक्षम माल मुंबई-आग्रा महामार्गाने न्हावा-शेवा बंदराकडे निघतो, तेव्हा ट्रेलरवरील कंटेनरच्या पुढील भिंतीत बसविलेले यंत्र वाटभर घरघरत असते. अवकाळी पाऊस, गारपीट आणि डाऊनीच्या तडाख्यातून वाचलेली बाग व तिच्यावर काढलेले पीककर्ज, दोन्ही त्या घरघरीच्या हवाली झालेले असतात. यंत्र वाटेत बंद पडले, तर परदेशी बंदरात उघडणाऱ्या पेटीत देठ वाळलेले आणि मणी नरम पडलेले घड निघतात व भावाची बोलणी तेथेच संपतात. धावत्या वाहनावर टिकून राहणाऱ्या स्वयंचलित शीतयंत्राचा पाया घातला तो अमेरिकेतील एका अनाथ, कृष्णवर्णीय मेकॅनिकने. फ्रेडरिक मॅकिन्ले जोन्स हे त्यांचे नाव. अमेरिकेत ते आदराने घेतले जाते. आपल्याकडे मात्र ज्यांचा चरितार्थ या यंत्रावर चालतो, त्यांच्याही कानावर ते क्वचितच आले असेल.

जोन्स यांचा जन्म १८९३ चा, सिनसिनाटी परिसरातला. आईचे छत्र लहानपणीच हरपले. रेल्वेत मजुरी करणाऱ्या आयरिश वंशाच्या वडिलांनी सातव्या वर्षाच्या सुमारास त्यांना एका कॅथलिक धर्मगुरूंच्या हवाली केले. तेथे झाडलोट आणि स्वयंपाकघरातील कामे करीत जेमतेम सहावीपर्यंत शिक्षण झाले. अकराव्या वर्षी हा मुलगा बाहेर पडला आणि मोटारींच्या एका गॅरेजमध्ये सफाई कामगार म्हणून लागला. झाडू मारता मारता इंजिने उघडून पाहण्याची संधी मिळाली आणि काही वर्षांतच तो तेथील कारागिरांचा मुकादम झाला.

१९१२ मध्ये ते मिनेसोटा राज्यातील हॅलॉक या छोट्या शेतीप्रधान गावी आले. एका मोठ्या शेतावरील ट्रॅक्टर आणि अवजारे चालती ठेवणे हे त्यांचे काम. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधील लष्करी तळांवर वीज आणि दूरध्वनीच्या तारा जोडण्याचे काम त्यांनी केले. गावी परतल्यावर डॉक्टरांसाठी हलवता येण्याजोगे क्ष-किरण यंत्र, बर्फावरून धावणारी गाडी, रेडिओ प्रक्षेपक अशा अनेक वस्तू त्यांनी गरज पडेल तशा घडविल्या. पेटंट घेण्याचा विचार त्या काळात त्यांच्या मनाला शिवला नसावा.

बोलपट आले आणि गावच्या चित्रपटगृहाला ध्वनियंत्रणा परवडेना, तेव्हा शेतीच्या अवजारांचे टाकाऊ भाग वापरून जोन्स यांनी ती तयार करून दिली. ही कीर्ती मिनियापोलिसमधील चित्रपटसाहित्याचे व्यावसायिक जोसेफ न्यूमेरो यांच्यापर्यंत पोहोचली आणि १९३० च्या सुमारास त्यांनी जोन्स यांना नोकरीवर घेतले.

पुढचा प्रसंग गोल्फच्या मैदानावरचा सांगितला जातो. एका मालवाहतूकदार मित्राचा कोंबड्यांच्या मांसाचा ट्रक वाटेत अडकला, बर्फ वितळले आणि सगळा माल सडला. वातानुकूलन व्यवसायातील दुसऱ्या मित्राला चिमटा काढण्यासाठी न्यूमेरो यांनी ट्रक थंड ठेवणारे यंत्र बनविण्याची बढाई मारली. मालवाहतूकदाराने ती खरी मानली आणि काही दिवसांनी नवा ट्रेलर दारात आणून उभा केला. न्यूमेरो टाळाटाळ करू लागले. परंतु जोन्स आत शिरले, मापे घेतली, आकडेमोड केली आणि हे काम होण्यासारखे असल्याचे सांगितले. ही गोष्ट १९३८ ची.

प्रश्न थंडी निर्माण करण्याचा नव्हताच. इमारतींत शीतयंत्रे तेव्हाही चालत होती. ट्रकवर मात्र ती टिकत नसत; खड्ड्यांच्या धक्क्यांनी नळ्यांचे सांधे सुटत, वायू निसटे. शिवाय यंत्राने जागा खाल्ली की भाडे मिळवून देणारा माल तेवढा कमी बसे. जोन्स यांनी यंत्र धक्के सोसणारे, आटोपशीर आणि स्वतंत्र इंजिनावर चालणारे केले. तापमान वाढताच ते आपोआप सुरू होई, उतरताच थांबे. त्यामुळे ट्रक उभा असला, तरी माल थंड राही. पहिला नमुना ट्रेलरच्या पोटाखाली बसविला होता. तेथे रस्त्याचा चिखल आणि धूळ भरू लागली, वजनही जास्त होते. अखेर यंत्र हलके करून चालकाच्या केबिनवर, ट्रेलरच्या पुढील भिंतीत नेण्यात आले. ही जागा बदलण्याची बाब वरवर किरकोळ वाटते. परंतु यंत्र खऱ्या अर्थाने उपयोगी झाले ते यामुळेच, असे म्हणावे लागेल. आजही मोठ्या ट्रेलरवरील शीतयंत्र बहुतांशी तेथेच दिसते.

अर्थात यंत्राची मर्यादाही ध्यानात ठेवली पाहिजे. कंटेनर थंड मालाचा थंडावा राखतो. गरम माल झपाट्याने थंड करणे त्याला साधत नाही. म्हणूनच पिंपळगाव परिसरातील पॅकहाऊसमध्ये तोडणीनंतर काही तासांतच द्राक्षांचे प्रीकूलिंग केले जाते आणि मगच माल शून्य अंशाच्या आसपासच्या तापमानात पुढे जातो. पेटीत गंधकवायू सोडणारा ग्रेप गार्ड कागद घातला, तरी या पायरीत हयगय केल्यास बुरशी टळत नाही. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रातील हल्ल्यांमुळे जहाजे आफ्रिकेला वळसा घालू लागली, तेव्हा युरोपचा प्रवास लांबला आणि या साखळीची परीक्षा अधिकच कठोर झाली.

न्यूमेरो यांनी ध्वनियंत्रणांचा व्यवसाय विकून नवी कंपनी उभी केली. तीच पुढे थर्मो किंग म्हणून प्रसिद्धीस आली. वाहनांच्या शीतयंत्राचे पेटंट १९४२ मध्ये मिळाले. दुसऱ्या महायुद्धात रक्त, औषधे आणि अन्न आघाडीपर्यंत सुस्थितीत नेण्यासाठी जोन्स यांची यंत्रे वापरली गेली. १९४४ मध्ये अमेरिकेतील शीतकरण अभियंत्यांच्या संस्थेने त्यांना सदस्यत्व दिले. हा मान मिळालेले ते पहिले कृष्णवर्णीय. वर्णभेद कायद्याने मान्य असलेल्या देशात, अभियांत्रिकीची कोणतीही पदवी नसलेल्या माणसाला हे सदस्यत्व मिळाले, हे लक्षात घेण्याजोगे आहे. कंपनीतील पदवीधर अभियंते अडचण आली की त्यांच्याकडेच जात.

साठहून अधिक पेटंटे त्यांच्या नावावर जमा झाली. त्यांतील सुमारे चाळीस शीतकरणाशी संबंधित होती. फुप्फुसाच्या कर्करोगाने २१ फेब्रुवारी १९६१ रोजी मिनियापोलिस येथे त्यांचे निधन झाले. देशाने दखल घेतली ती फार उशिरा. १९९१ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश (थोरले) यांच्या कारकिर्दीत जोन्स आणि न्यूमेरो यांना राष्ट्रीय तंत्रज्ञान पदक मरणोत्तर जाहीर झाले. तोवर जोन्स यांना जाऊन तीस वर्षे झाली होती.